रुखवतातले मासे

"पावणं, जरा इकडं उजेडाला या," तात्या म्हणाले आणि मूठभर बेदाणा त्यांनी पांढऱ्या ताटलीत ओतला. "हा रंग बघितला? आता हे तुमचे मासे बघा. असला माल मी कुणाला दिला असता तर त्यानं तो माझ्या तोंडावर मारला असता का नसता?"

मी मासे बघितले. खरं तर दारातनं आत येतानाच कळलं होतं. लग्नात लालभडक दिसणारे गोल्डफिश आता गाजराच्या वाळक्या सालीसारखे झाले होते. दोन तर पोटाकडनं चक्क पांढरे पडले होते. पंख अंगाला चिकटवून, तोंड वर करून एका कोपऱ्यात गोळा झाले होते सगळे.

"तात्या, नवी टाकी आहे. सुरुवातीला असं होतं."

"नवी आहे म्हणूनच म्हणतोय. नव्या मालाचा रंग असा उतरला तर त्याला आम्ही काय म्हणतो, माहीताय?"

मी विचारलं नाही. आईनं सांगलीतनं निघतानाच बजावलं होतं, "तिथं शहाणपण शिकवत बसू नकोस, आपण मुलीकडचे आहोत." म्हणून मी गप्प उभा राहिलो, आणि गप्प उभं राहणं हे माझ्या स्वभावात अजिबात नाही.

तात्या हिंगमिरे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, वैजयंताचे, सासरे. तासगावातले बेदाण्याचे व्यापारी. सगळा जन्म रंग बघण्यात गेलेला. हिरवा कुठला, पिवळा कुठला, कुठला आतनं काळा पडायला लागलाय, हे ते पोत्यात नुसता हात घालून सांगायचे. माझं सांगलीत शोभेच्या माशांचं दुकान. म्हणजे धंदा माझाही रंगाचाच. त्यात ही टाकी म्हणजे साधी भेट नव्हती. वैजूच्या रुखवतात मांडलेली टाकी होती ती. रुखवतातली वस्तू खराब निघाली म्हणजे मुलीच्या माहेरचेच खराब निघाले, असं धरतात आमच्याकडं.

आणि खरं सांगू का, पहिला घोळ आमच्याच घरच्यांनी घातला होता. वैजूनं हट्ट धरला, "सगळ्यांच्या रुखवतात त्याच सुपाऱ्यांच्या बाहुल्या नि तेच लोकरीचं तोरण असतं. माझा भाऊ मासे विकतो, मी मासे मांडणार." मी म्हटलं, मांड की. दुकानातली चालू टाकी देतो, चांगली मुरलेली, माशांच्या सवयीची. तर आई किंचाळलीच. "रुखवतात जुनी वस्तू? लोक तोंडात शेण घालतील!" बरं म्हटलं, काच नवी घेऊ, वाळू नवी घेऊ, पण जुन्या टाकीतला स्पंज आणि कळशीभर पाणी तरी आत घालतो. ती कळशी आमच्या आत्यानं कार्यालयाच्या मोरीत ओतली नि स्पंज कचऱ्यात टाकला. "लग्नघरात शिळं पाणी आणतोस? काही अक्कल?"

आता हिला कुठं सांगत बसू, की माशांना शिळंच लागतं! मासे पाण्यातच घाण करतात, त्या घाणीचं विष होतं, आणि ते विष पचवणारे जंतू जुन्या स्पंजात, जुन्या वाळूत मुक्काम करून असतात. नव्या कोऱ्या टाकीत ते नसतात, वसायला कित्येक आठवडे लागतात. तोवर बिचारे मासे आपल्याच घाणीत फिके पडत जातात. हे मी कार्यालयात चार बायकांना समजावून सांगितलं. चौघीजणी "हो का" म्हणाल्या आणि टाकीला हळदकुंकू लावून निघून गेल्या.

पण टाकी दिसली मात्र झकास. अख्खं वऱ्हाड तिच्याभोवती गोळा झालं होतं. लग्न लागलं, वैजूबरोबर टाकीही तासगावला गेली आणि हिंगमिऱ्यांच्या बाहेरच्या बैठकीत मानानं बसली. आणि आता हे.

"माझ्याकडं लांबलांबचे व्यापारी येतात," तात्या म्हणाले. "टाकी कुठली म्हणून विचारतात. सूनबाईच्या माहेरची म्हणून मी सांगितलंय सगळ्यांना. आता तेच म्हणणार, हिंगमिऱ्याला फसवला."

तेवढ्यात आतल्या दारातनं वैजू चहा घेऊन आली. डोक्यावर पदर. घरी असताना ही पोरगी शिट्टी वाजवत जिना उतरायची.

"बरा आहेस, दादा?"

"बरा. तू?"

"बरी आहे."

झालं, संपलं बोलणं. कप ठेवून ती आत गेली. बैठकीत तात्या असताना सुनेनं याच्यापुढं बोलायची रीत नव्हती त्या घरात. लग्नाची बोलणी झाली तेव्हाच तात्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "माहेरची माणसं सारखी दारात दिसली की सून रुळत नाही. काही काम निघालं तर जरूर या. उगाच येणंजाणं नको." पहिल्या दिवाळीपर्यंत माहेरी पाठवणंही नव्हतं. आमच्या आईनं हसत हसत मान डोलावली होती. वडील आमचे लवकर गेले, वैजूला मीच हाताखाली घेऊन वाढवली, पण त्या दिवशी मलाही मान डोलावण्यापलीकडं काही सुचलं नाही. जावई देव माणूस होता आणि स्थळ चांगलं होतं.

मी बाह्या वर सारल्या नि कामाला लागलो. बादलीतल्या पाण्यात क्लोरीन मारायचे खडे विरघळवले, त्या पाण्यानं टाकीतलं पाव पाणी बदललं आणि पिशवीत लपवून आणलेला दुकानातला जुना काळपट स्पंज गुपचूप फिल्टरमध्ये सारला. मग सगळ्यांना उभं करून सांगितलं.

"हात लावायचा नाही. धुवायचं नाही. सगळं पाणी तर कधीच बदलायचं नाही. खायला चिमूटभर, तेही दिवसातनं एकदा. टाकी जेवढी जुनी होईल तेवढी चांगली."

"म्हणजे घाण तशीच ठेवायची?" वैजूच्या सासूबाईंनी विचारलं.

पार्वतीकाकू म्हणजे खणखणीत आवाजाची, दणकट बाई. खांद्यावर सदा फडकं. त्या घरातली घागर न् घागर आरशासारखी चमकायची. बोलता बोलता त्या दाराची कडी पुसायच्या, टेलिफोन पुसायच्या, माझ्यासमोर ठेवलेला कपसुद्धा त्यांनी एकदा बाहेरनं पुसला. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही बाई माझे मासे मारणार.

पुढच्या खेपेला दुकानात फोन आला तो त्यांचाच.

"विरूपाक्ष, या आणि बघा तुमचे मासे! काय दिलंय काय आम्हाला? पांढरे पडलेत पुन्हा!"

गिऱ्हाईक समोर उभं. फोनमधनं आवाज असा की गिऱ्हाइकालाही ऐकू गेला. मी दुकानाचं शटर ओढलं, एसटी पकडली आणि तासगाव गाठलं. मासे खरंच पांढरे पडले होते. मागच्या खेपेनंतर चांगला रंग धरायला लागले होते म्हणे आणि आता परत तेच वाळकं गाजर. मी पाणी बदललं, पुन्हा जुना स्पंज घातला, पुन्हा सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. काकूंनी पुन्हा ऐकून घेतलं. वैजू पुन्हा चहा घेऊन आली आणि "बरी आहे" म्हणाली. फरक इतकाच, की टाकीपाशी मी काम करत असताना ती बादली धरायला थांबली, आणि तात्या काही बोलले नाहीत, कारण बादली कुणीतरी धरायलाच हवी होती. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "आपल्या मांजरीला पिल्लं झाली?" मी म्हटलं, "मांजर राहू दे, इथं हे काय चाललंय ते सांग." तिनं बादली दुसऱ्या हातात घेतली.

मग हे असंच सुरू झालं. जरा रंग चढतोय म्हणेपर्यंत काकूंचा फोन. "या नि बघा!" घरी आई डोक्याला हात लावून बसायची. "तुझ्या हातनं साधे मासे जगत नाहीत का रे? पोरीचं सासर आहे ते!" आमची बायको म्हणायची, "सरळ नवे मासे नेऊन सोडा." अहो, नवे सोडले तर तेही आठवड्यात पांढरे! पाणीच धड नाही तर मासा काय करील? हे मी आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या एका मास्तरांनाही सांगितलं. मास्तर म्हणाले, "हळद टाकून बघा."

शेवटी तात्यांनीच निकाल लावला. त्या दिवशी मी गेलो तर ते टाकीकडं पाठ करून बसले होते.

"पावणं, आता पुरे. पौर्णिमेला माझ्याकडं बाहेरगावचे व्यापारी जेवायला आहेत. तोवर रंग आला तर ठीक. नाही आला तर टेम्पो करून टाकी तुमच्या घरी पोच करतो."

रुखवतातली वस्तू परत येणं म्हणजे काय असतं, ते आमच्यातल्या कुणालाही विचारा. गल्लीत टेम्पो थांबणार, चार माणसं टाकी उतरवणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या सांगलीत होणार, आम्हा शेट्यांच्या पोरीचं काहीतरी बिनसलं. मग वैजूनं त्या घरात तोंड वर करून कसं जगायचं?

"होईल रंग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी टाकीत हात घातला, फिल्टर उघडला आणि माझं डोकंच फिरलं. मी घातलेला काळपट स्पंज पांढराशुभ्र! पिळून पिळून धुतलेला. वाळू बघितली तर निवडून धुतलेल्या तांदळासारखी. पाण्याला नळाच्या ब्लीचिंगचा वास येत होता. म्हणजे कुणीतरी अख्खी टाकी उपसून, घासून, नळाखाली धुऊन पुन्हा भरली होती. आणि ते एकदाच केलेलं नव्हतं. दर खेपेला माझी सगळी मेहनत मोरीत जात होती.

मी तसाच ओल्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. काकू परातीत कणीक मळत होत्या. वैजू चुलीशी.

"काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही टाकी धुता."

काकूंचे हात थांबले. वैजूनं वर बघितलं नाही. काकूंनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"धुते," त्या म्हणाल्या. "मग?"

"मग काय मग! किती वेळा सांगितलं? हात लावू नका म्हणून किती वेळा घसा कोरडा केला मी? घागर आहे का ती घासायला? जीव आहेत आत! त्यांना स्वच्छता नको आहे, त्यांना शांतता पाहिजे! तुमच्या या पुसापुशीपायी तिकडं माझ्या बहिणीची अब्रू चाललीय आणि तुम्ही मलाच फोन करून ओरडता, बघा तुमचे मासे?"

आईचं सगळं बजावणं गेलं चुलीत. इतक्या मोठ्यानं मी बोललो की तात्या बैठकीतनं उठून आले.

"काय झालं?"

"काही न्हाई," काकू शांतपणे म्हणाल्या. "टाकी मी धुतली म्हणून पावणं तापलेत."

"तू? पावण्यांनी नको सांगितलं असताना?" तात्यांचा आवाज चढला. "लाज आणलीस मला! मी ह्यांच्या मालाला नावं ठेवत बसलोय, आणि करणारी तू? एवढी म्हातारी झालीस, साधी गोष्ट कळंना तुला?"

काकू कणीक मळत राहिल्या. सुनेसमोर, सुनेच्या भावासमोर त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. तात्या पाय आपटत बाहेर गेले. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

मी परत टाकीशी येऊन बसलो. पाणी काढायला नळी सोडली, वाळूत हात घातला, आणि तिथंच थबकलो. वाळू मागच्या बाजूला उंच होती, पुढं उतरत आलेली. घाण पुढं घरंगळून यावी, काढायला सोपी पडावी, म्हणून मी तशी घालतो. बाजारात टाकी घेणारा कुठलाही माणूस वाळू सपाट पसरतो. काकूंनी घमेल्यात धुऊन ओतली असती तर ढीग तरी झाला असता नाहीतर सपाट तरी. ही उतरण हातानं बसवलेली होती. कोपऱ्यातले दोन दगडसुद्धा एकमेकांना टेकवून, मासा मध्ये अडकू नये अशा बेतानं ठेवलेले. सांगलीत माझ्या दुकानात हे काम माझ्याखेरीज एकाच माणसाला येत होतं. मीच शिकवलं होतं तिला.

"काकू," मी आतल्या दिशेनं हाक मारली, "पाणी कशानं काढता हो तुम्ही?"

"तांब्यानं," आतनं उत्तर आलं. "आणखी कशानं काढतात?"

तांब्यानं तळाचं पाणी निघत नाही, त्याला नळीच लागते. मी उठलो आणि मागच्या दारी गेलो. वैजू धुण्याच्या दगडाशी माझी बादली विसळत होती.

"वैजू, इकडं बघ. बघ म्हणतो ना. टाकी तू धुतेस."

ती बघेना.

"वेड लागलंय का तुला? तुला माहीत नाही काय होतं ते? दुकानात गिऱ्हाइकांना भाषण द्यायचीस, नवी टाकी धुवू नका, स्पंज नळाखाली धरू नका! कुणी सांगितलं तुला हे करायला? तात्यांनी? जावईबापूंनी?"

"कुणी नाही."

"मग का?"

"तू येतोस ना," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"काय?"

"मासे फिके पडले की तू येतोस. दुसऱ्या कशाला येशील तू? सण नाही, काम नाही. फोन बैठकीत, शेजारी मामंजी. पत्र आलं तर सगळ्यांसमोर वाचतात." ती एकदम बोलत सुटली. "इथं कुणी वाईट नाही रे, दादा. आईची शपथ. खायला प्यायला सगळं आहे, हे चांगले आहेत, सासूबाई एका शब्दानं बोलत नाहीत. पण दिवसभर दर, पोती, दर, पोती. माझ्याशी बोलण्यासारखं कुणाकडं काही नाही. संध्याकाळी रडायला येतं नुसतं, आणि का येतं तेही सांगता येत नाही. मामंजी सौद्याला जातात, सासूबाई झोपतात, तेव्हा मी टाकी काढते."

"अगं पण मासे मेले असते!"

"मरू देते का मी?" तिला माझाच राग आला. "तेवढं कळतं मला. पांढरे पडले की हात थांबवते. पुढचं तू बघतोस."

हसावं का हिला एक ठेवून द्यावी, कळेना मला. किती फेऱ्या, किती वेळा दुकान बंद, आईची बोलणी, आणि ही बया माझ्याच विद्येनं मला नाचवत होती! ती पदरानं नाक पुसत उभी होती आणि मला आठवेना, लग्नानंतर मी तिच्याशी "बरी आहेस ना" याच्यापुढं एक तरी वाक्य कधी बोललो होतो का.

"झाली पिल्लं," मी म्हटलं. "मांजरीला. चार झाली. एक अगदी पांढरं आहे."

ती रडता रडता हसली.

मागं काकू येऊन उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच.

"काकू, तुम्ही..." मी गडबडलो. "तुम्ही का म्हणून अंगावर घेतलंत? मी काय काय बोललो तुम्हाला!"

"बोलला तर बोलला. सासूवर काय, काहीही खपतं. सुनेवर आलं असतं तर जन्मभर चिकटलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारची मी पडून असते, झोपत न्हाई," काकू म्हणाल्या. "ही नळी तोंडात धरून पाणी ओढते ते दिसतं की मला. मग म्हटलं, पोरीनं एवढं केलंय तर फोन तरी आपण करावा. मोठ्यानं ओरडले की ह्यांनाही पटतं, पावण्यांना बोलवायलाच पायजे."

वैजूनं एकदम वळून सासूकडं बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. त्या दोघी एका घरात राहून, एका ताटातलं लोणचं खाऊन, एकमेकींना एक अक्षर न बोलता माझ्या मानेवर सुरी ठेवून होत्या!

"अहो, मग नुसतं या म्हणून सांगायचं की!"

"कुणाला? ह्यांना? सून रडते म्हणून भावाला बोलवा, असं?" काकूंनी हात झटकले. "आता पौर्णिमेचं काय ते बघा. टाकी परत गेली तर सगळंच बोंबललं."

मी तोंड धुतलं, बाहेर गेलो आणि तात्यांसमोर बसलो. मला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात. त्या दिवशी आलं.

"तात्या, तुमचं बरोबर आहे. माल मी दिला तर जबाबदारी माझी. ही टाकी नाजूक आहे. हिला दर रविवारी जाणत्या माणसाचा हात लागतो. थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं, मासे नीट बघायचे. दोन-तीन तासांचं काम आहे."

"दोन-तीन तास?"

"घाई करून चालत नाही. आणि बादली धरायला एक माणूस लागतं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं. "सूनबाई तुमच्या दुकानात वाढली म्हणता. तिला येत नाही का हे?"

वैजू दाराआड उभी आहे हे मला माहीत होतं.

"तिला? छे! तिला कधी मी टाकीला हात लावू दिला नाही. काही येत नाही तिला."

दाराआडनं बांगड्या जोरात वाजल्या.

"काम असेल तर यायलाच पायजे," तात्या म्हणाले. "कामाला माझी कधी ना नव्हती. किती दिवस यावं लागेल असं?"

"मासे आहेत तोवर."

"आणि मासे किती जगतात?"

"नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं."

तात्यांनी ताटलीतला एक बेदाणा उचलून उजेडात धरला, फिरवून बघितला, तोंडात टाकला. "लई जगतात की," एवढंच म्हणाले.

पौर्णिमेपर्यंत रंग आला. कुणी टाकी धुतली नाही म्हणून आला, दुसरं काही कारण नाही. माशांच्या पाठी आधी शेंदरी झाल्या, मग लाल. व्यापाऱ्यांनी नावाजलं, तात्यांनी "सूनबाईच्या माहेरची" असं परत सगळ्यांना सांगितलं. मी दर रविवारी जायला लागलो. अर्ध्या तासात काम उरकायचं आणि उरलेला वेळ मी टाकीत नुसता हात हलवत बसायचो, वैजू बादली धरून बडबडायची. गल्लीतल्या कुणाचं लग्न ठरलं, कोण पडलं, आईची गुडघेदुखी, मांजराची पिल्लं कुणाकुणाला दिली. रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा खरा दिवस. बायको कावायची, मीही कावायचो. पण जायचो.

अशाच एका रविवारी निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. खांद्यावर फडकं नव्हतं. मला वाटलं, आता काय बिघडलं.

"दुकान बंद ठेवून येता तुम्ही दर रविवारी," त्या म्हणाल्या. "नुकसान होत असेल."

"चालायचंच, काकू."

"न्हाई, म्हटलं..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "विट्याला माझा भाऊ असतो. बसवंत. कापडाचं दुकान पोराच्या हवाली केलंय, रिकामाच असतो. भाऊबीजेला येतो. ओवाळून घेतो, ह्यांच्याशी पावसापाण्याचं बोलतो नि जातो. माझं लग्न झाल्यापासनं तसंच. काम काय त्याचं इथं?"

मी हातातली पिशवी फाटकाला टेकवली.

"त्याला शिकवाल का हे माशांचं?" काकूंनी विचारलं. "अवघड नसलं तर. म्हणजे एखाद्या रविवारी तुम्हाला जमलं न्हाई, तर तो येईल."

शिकवलं. देवाशप्पथ, असा शिष्य वैऱ्याला न मिळो. बसवंतमामा माझ्या दुकानात यायचे, धोतराचा सोगा खोचून टाकीसमोर उभे राहायचे आणि मासा हलला की हात बाहेर काढायचे. चिमूटभर म्हटलं की मूठभर टाकायचे. नळीनं पाणी ओढायला सांगितलं तर प्यायले. मी डोकं धरून बसायचो. ते म्हणायचे, "पुन्हा एकदा सांगा."

पहिल्या रविवारी मी त्यांना सोबत घेऊनच तासगावला गेलो. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या आणि बादली त्या स्वतः धरून उभ्या होत्या. मामांनी हात घातला तो पार तळाला. वाळू उपसली, दगड पाडले, फिल्टर पिळून सगळी घाण पुन्हा पाण्यात सोडली. बघता बघता टाकी चहासारखी झाली. मासे दिसेनात. मामा कोपरापर्यंत भिजलेले, बहिणीकडं बघत ओशाळं हसत उभे. काकू त्यांना काहीतरी हळू आवाजात विचारत होत्या, लहानपणच्या कुठल्या तरी विहिरीचं, आणि ते उत्तर देत होते.

तात्यांनी चष्मा वर केला.

"ह्यांना काही जमत न्हाई," ते म्हणाले.

"जमंल," काकू म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत येऊ द्या त्याला."